सनावळ्या नंतर, प्रश्न आधी

चौथीपर्यंत इतिहास नकोच, मुलांना काळाचा अंदाजच नसतो, असं वर एकाने लिहिलंय. अंदाज नसतो हे खरं. तिसरीच्या पोरांना 1702 काय नि 1817 काय, दोन्ही 'खूप आधी'. पण म्हणून विषयच काढून टाकायचा, हे मला अजिबात पटत नाही. सनावळ्या पाचवीनंतर येऊ द्या, आधी प्रश्न विचारता येऊ द्या ना.

मी नागपुरात इतवारीकडच्या शाळेत शिकवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात, वर्गातली बहुतेक मुलं मिरवणूक बघून आलेली असतात, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' तोंडपाठ. शाळा भरली की मी एवढंच सांगते: काळी मारबत का जाळतात, घरी विचारून या. एकीची आजी म्हणते, रोगराई जावी म्हणून. दुसऱ्याचे आजोबा सांगतात, नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईने इंग्रजांना साथ दिली म्हणून. दोन्ही फळ्यावर लिहिते आणि विचारते, आजोबांना कुणी सांगितलं? त्यांच्या आजोबांनी. मग त्यांनी पाहिलं होतं का? इथे वर्गात जी भांडाभांडी सुरू होते, तीच मला हवी असते. "इंग्रज नागपुरात आले कसे?" हे पोरंच विचारतात, तेव्हा 1817 ची सीताबर्डीच्या टेकडीवरची इंग्रज-भोसल्यांची लढाई सांगायची, टेकडी तर त्यांनी येता-जाता पाहिलेलीच असते. तिथला किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडत आलाय. त्याआधी पालकांना चिठ्ठी पाठवते, लेकरांना नक्की नेऊन आणा म्हणून.