मदत हवी आहे: भाषेच्या २.० आवृत्तीसाठी रिलीज टीम कशी उभी करावी?

अपूर्णविराम

आमची डेटा-प्रक्रियेसाठी वापरली जाणारी छोटी मुक्तस्रोत स्क्रिप्टिंग भाषा आहे. कंपायलर आणि व्हीएम (कोड चालवणारं आभासी यंत्र) सी भाषेत. कमिटचे (मुख्य कोडमध्ये बदल घालायचे) हक्क सात जणांना, त्यातले नियमित काम करणारे तीन-चार. रजिस्ट्रीवर (पॅकेजांच्या सामायिक साठ्यावर) साधारण ४०० पॅकेजं. आजवरच्या आवृत्त्या "झालं की काढू" पद्धतीने निघाल्या. आता २.० मध्ये जुना कोड मोडणारे तीन बदल ठरले आहेत:

(अ) स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट्स न राहता यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांसाठीचं एन्कोडिंग) मजकूर
(आ) ७/२ चं उत्तर ३ ऐवजी ३.५
(इ) इम्पोर्टची जुनी वाक्यरचना बंद

तारीख दोनदा पुढे गेली आहे, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी "एवढं एक घ्याच" म्हणतं. म्हणून रीतसर रिलीज टीम नेमायची आहे. किती जण, कोणाकडे काय? शेवटचा शब्द कोणाचा, रचना ठरवणाऱ्यांचा की टीमचा? वेळापत्रक कसं आखायचं? आणि किती पॅकेजं मोडतील हे आधी कसं कळणार? "शिस्त पाळा" छापाचे सल्ले नकोत, मोठ्या भाषांमध्ये प्रत्यक्षात काय चालतं ते हवं आहे.

कंसबंद

शेवटच्या शब्दापासून सुरू करतो, बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

बदल भाषेत असावा का, हे रचना गट ठरवतो. तो याच आवृत्तीत जाईल का, हे रिलीज टीम ठरवते. आत ओढायचा अधिकार टीमला नको, बाहेर काढायचा मात्र हवा, आणि तो लेखी हवा. लेखी नसेल तर टीम नुसती फाइली चढवणारी उरते आणि "एवढं एक घ्याच" चालूच राहतं.

बाहेर काढणं प्रत्यक्षात कसं दिसतं त्याचं ताजं उदाहरण म्हणजे पायथन ३.१३. अंतिम आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ ला यायची होती. टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्या नव्या गार्बेज कलेक्टरमुळे (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या भागामुळे) काही प्रोग्रॅम मंदावतात हे आरसीच्या (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम होऊ घातलेल्या आवृत्तीच्या) काळात दिसलं. बदल मागे घेतला, पण मागे घेऊन थेट अंतिम आवृत्ती काढली नाही. १ तारखेला तिसरी आरसी काढली आणि ७ ऑक्टोबरला अंतिम. कोड काढून टाकणं हाही बदलच असतो. लोकांनी तपासलेला कोड आणि तुम्ही पाठवणार तो कोड, यांत तेवढा फरक पडलेला असतो.

माणसं: पायथनमध्ये एक रिलीज मॅनेजर सहसा लागोपाठच्या दोन आवृत्त्या सांभाळतो, विंडोज आणि मॅकचे इन्स्टॉलर बांधणारे वेगळे असतात. पीएचपीने ८.१ पासून तिघांची पद्धत घेतली, एक अनुभवी आणि दोन नवे. तुम्हाला चार पुरतील: प्रमुख, त्याचा जोडीदार, बिल्ड आणि सर्व्हर पाहणारा, आणि पॅकेजवाल्यांशी बोलणारा. हा चौथा माणूस सगळे विसरतात आणि मग अंतिम आवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तक्रारी येतात त्या प्रमुखाच्या डोक्यावर. तीन मोडणाऱ्या बदलांपैकी एखाद्याचा मूळ लेखक प्रमुख नसावा. स्वतःचा बदल बाहेर काढणं कोणालाच जमत नाही.

एका पानाचा ठराव करा: नावं, मुदत (दोन आवृत्त्या), अधिकार, टीमचा निर्णय कोण आणि किती मतांनी फिरवू शकतो (मी सातपैकी पाच म्हणेन), मधेच सोडायचं असेल तर कोणाला किती आठवडे आधी सांगायचं.

वेळापत्रक: पायथनचं वार्षिक चक्र साधारण सात महिने आल्फा, तीन महिने बीटा, दोन महिने आरसी असं आहे. पहिल्या बीटाला नव्या गोष्टी बंद, पहिल्या आरसीला एबीआय (आधी बांधलेल्या मॉड्यूलशी जुळणारा इंटरफेस) पक्का. तुमच्या आकाराला २२ आठवडे ठीक. दहा आठवडे आल्फा, दर तीन आठवड्यांनी एक. दहाव्या आठवड्यात फ्रीझ, म्हणजे नव्या गोष्टी बंद. पुढे आठ आठवड्यांत तीन बीटा. अठराव्या आणि विसाव्या आठवड्यात आरसी, बाविसाव्यात अंतिम. आरसीनंतर फक्त अडवणाऱ्या चुका दुरुस्त करायच्या, दोन परीक्षक, त्यातला एक टीमचा. शेवटची आरसी आणि अंतिम आवृत्ती यांत आवृत्ती क्रमांक आणि दस्तऐवज सोडून फरक नको.

"अडवणारी चूक" म्हणजे काय तेही आधीच ठरवा: चुकीचं उत्तर, क्रॅश, सुरक्षेचं भोक, किंवा आधारभूत प्लॅटफॉर्मवर बिल्ड न होणं. संथपणा किती टक्के झाला की अडवायचं, तो आकडा तुम्हीच ठरवा, पण फ्रीझच्या आधी.

ब्रँचबद्दल: पायथन पहिल्या बीटालाच वेगळी ब्रँच (कोडची समांतर शाखा) कापतं आणि मुख्य ब्रँच पुढच्या आवृत्तीसाठी मोकळी होते. चार माणसांत ते करू नका, प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागेल. गो भाषेत मुख्य ब्रँचच काही आठवडे गोठवतात, तुम्हाला ते बरं. पहिल्या आरसीला ब्रँच कापा. त्यानंतर दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचवर, मग २.० वर. उलट केलं तर कोणीतरी मुख्य ब्रँचवर न्यायचं विसरतं आणि २.१ मध्ये तीच चूक परत येते.

तिरपी रेघ

वरचं मान्य. पण टीम नेमण्याआधी यादीवर कात्री चालवा. तिन्ही बदल एका जातीचे नाहीत.

(आ) आणि (इ) साठी २.० लागतच नाही. रस्ट भाषेची एडिशन पद्धत पाहा: २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा चार एडिशन आहेत, प्रत्येक पॅकेज आपली एडिशन जाहीर करतं, आणि वेगवेगळ्या एडिशनची पॅकेजं एकाच प्रोग्रॅममध्ये जोडता येतात. कारण फरक कंपायलरच्या वरच्या थरातच मिटतो. इम्पोर्टची वाक्यरचना अशीच मिटते. भागाकारही मिटतो: फाइलच्या माथ्यावर जे जाहीर केलं असेल त्यानुसार कंपायलरने वेगळा ऑपकोड (व्हीएमसाठीची सूचना) काढायचा. पायथनने २००१ च्या २.२ मध्ये भागाकारासाठी हेच केलं होतं, फाइलपुरता लागू होणारा फ्यूचर इम्पोर्ट.

(अ) चं तसं होत नाही. स्ट्रिंग हे चालत्या प्रोग्रॅममधलं मूल्य आहे, ते एका पॅकेजमधून दुसऱ्यात जातं. जुन्या एडिशनच्या फंक्शनने बाइट्स दिले आणि नव्याने मजकूर मानला की मोडलं. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि २.७ चा आधार जानेवारी २०२० ला संपला, त्या अकरा वर्षांतलं मोठं दुखणं हेच. ३.० मध्ये काढलेला यू-उपसर्ग (मजकूर-स्ट्रिंगची खूण) २०१२ मध्ये ३.३ ला परत आणावा लागला, कारण दोन्हींवर चालणारा एकच कोड लिहिणं त्याशिवाय फार कटकटीचं होतं. पीएचपी ६ तर आतला सगळा मजकूर यूटीएफ-१६ करायच्या नादात २०१० मध्ये सोडून दिलं गेलं. पुढची मोठी आवृत्ती थेट ७, डिसेंबर २०१५.

म्हणजे (आ), (इ) १ मालिकेतच ऐच्छिक म्हणून द्या आणि २.० फक्त स्ट्रिंगसाठी ठेवा. टीमसाठी नियम: स्थलांतराचं साधन तयार नसेल तर बदल पहिल्या बीटात जात नाही. रस्टमध्ये कार्गो फिक्स ही आज्ञा बराचसा कोड स्वतःच बदलून देतं. एडिशन बदलणं लोकांना झेपतं ते त्यामुळे.

कंसबंद

सहमत. मग माझे २२ आठवडे स्ट्रिंगला लावा, आणि उरलेले दोन बदल साध्या आवृत्तीत. हे आधी सुचायला हवं होतं.

शून्यावर एक

पॅकेजांच्या चाचणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

रस्टकडे क्रेटर नावाचं साधन आहे. सार्वजनिक पॅकेजं जुन्या आणि नव्या कंपायलरने बांधून निकालांची तुलना करतं. तुम्ही ४०० साठी हे स्क्रिप्टवर करू शकता. एका पॅकेजला सरासरी दोन मिनिटं धरली तर ४०० × २ कंपायलर × २ म्हणजे १६०० मिनिटं, जवळपास २७ तास. आठ कामं समांतर चालवली तर साडेतीन तासांच्या आत. दर आल्फाला सहज चालेल.

मोजायचं फक्त तेच: जुन्यावर पास आणि नव्यावर नापास. दोन्हीकडे नापास असलेली पॅकेजं वगळा. नाहीतर आधीपासून मेलेल्या पॅकेजांचा दोष २.० वर येतो आणि पहिल्याच अहवालाला सगळे घाबरतात. नापास झालेली आणखी दोनदा चालवा, काही चाचण्या घड्याळावर किंवा क्रमावर अवलंबून असतात. चाचण्या परक्याचा कोड चालवतात, तेव्हा कंटेनरमध्ये, नेटवर्क बंद ठेवून, वेळेची मर्यादा घालून चालवा. मग चुका संदेशानुसार गटात लावा. पन्नास पॅकेजं एकाच पायाभूत पॅकेजमुळे पडलेली निघतात, त्या एकाला पॅच पाठवला की ढीग ओसरतो.

तुमच्या बाबतीत एक सापळा: ज्या पॅकेजांच्या चाचण्यांत फक्त इंग्रजी मजकूर आहे ती स्ट्रिंग बदलूनही पास होतील. यूटीएफ-८ मध्ये ॲस्की (साधं इंग्रजी) अक्षर एकाच बाइटचं. "क्षत्रिय" किंवा "नाशिक" टाकून लांबी, तुकडे आणि उलटवणं तपासणाऱ्या वेगळ्या चाचण्या लिहा. लांबी म्हणजे बाइट्स, कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक) की दिसणारी अक्षरं, हे रचना गटाने लेखी दिल्याशिवाय टीमने पहिला बीटा काढू नये. "क्ष" मध्ये तीन कोडपॉइंट आणि नऊ बाइट्स आहेत, वाचणाऱ्याला एक अक्षर दिसतं.

अपूर्णविराम

फारच कामाचं. लांबीचा प्रश्न आमच्याकडे खरोखर अनुत्तरित आहे, तो आजच मांडतो. आणखी एक: आवृत्तीवर डिजिटल सही करायची किल्ली आणि संकेतस्थळाचे हक्क एकाच व्यक्तीकडे आहेत. टीमकडे कसे द्यायचे? तीच किल्ली चौघांना वाटली तर?

टॅगधारी

वाटू नका. चौघांकडे एकच खाजगी किल्ली असली तर कोणी काय काढलं ते कळत नाही, आणि एक जण गेला की सगळ्यांची बदलावी लागते. पीएचपीमध्ये प्रत्येक रिलीज मॅनेजरची स्वतःची किल्ली असते आणि त्यांची यादी संकेतस्थळावर जाहीर असते. तसंच करा. किल्ली यूएसबी टोकनवर ठेवा, रद्द करण्याचं प्रमाणपत्र आधीच बनवून वेगळ्या जागी. पायथनने ३.१४ पासून पीजीपी सह्या बंद करून फक्त सिगस्टोअर (सह्यांची दुसरी व्यवस्था) ठेवलं, तोही पर्याय आहे, पण मग तपासायची आज्ञा डाउनलोडच्या पानावर स्पष्ट लिहा.

डोमेन, कोड ठेवण्याची जागा, रजिस्ट्री, डाउनलोडचा सर्व्हर: प्रत्येकाला निदान दोन, शक्यतो तीन प्रशासक. डोमेनच्या नूतनीकरणाचा इमेल वैयक्तिक पत्त्यावर जात असेल तर तो पहिल्या दिवशी बदला. स्वतःचा गिट सर्व्हर चालवायचा मोह असेल तर टाळा. मार्च २०२१ मध्ये पीएचपीच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर रासमुस लेर्डोर्फ आणि निकिता पोपोव्ह या पीएचपीच्या विकसकांच्या नावाने घातक कमिट घुसवले गेले. ते लवकर पकडले गेले, पण त्यानंतर त्यांनी सगळं गिटहबवर हलवलं.

बिल्ड कोणाच्या लॅपटॉपवर नको. टॅग (आवृत्तीची खूण) ढकलला की सीआयने (आपोआप बांधणी आणि चाचणी करणाऱ्या व्यवस्थेने) स्वच्छ यंत्रावर बांधायचं, टीममधल्या दुसऱ्याने मंजुरी द्यायची, मग प्रकाशन.

एकदा बाहेर पडलेला टॅग हलवायचा नाही, फाइल बदलायची नाही. चूक सापडली तर २.०.१, मग ती अर्ध्या तासाने का निघेना. डेबियन, होमब्रू वगैरे वितरकांनी चेकसम (फाइलचा आकडेमोडीने काढलेला ठसा) नोंदवलेला असतो. त्याच नावाखाली वेगळी फाइल आली की त्यांच्याकडे बिल्ड अडतं आणि हल्ला झालाय का अशी विचारणा येते, जी योग्यच आहे.

जोडीदार तयार करण्याबद्दल: पर्लमध्ये विकासावस्थेतल्या आवृत्त्या दर महिन्याच्या २० तारखेला निघतात, काढणारा स्वयंसेवक बदलत राहतो, आणि सगळे एकाच लेखी मार्गदर्शिकेवरून काम करतात. तुमचा दुसरा आल्फा जोडीदाराने एकट्याने, फक्त यादी वाचून काढावा. प्रमुखाने गप्प बसायचं. जिथे तो अडेल ती पायरी यादीत नाही असं समजायचं आणि त्याच दिवशी लिहायची.

१ मालिकेला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ, तो कालावधी २.० च्या घोषणेतच छापा. पीएचपी सध्या दोन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं सुरक्षेचा देतं. चार जणांत एवढं झेपणार नाही, दीड वर्ष लिहा. आणि त्या दीड वर्षाचं नाव कोणाचं, तेही ठरावात घाला. २.० निघाल्यावर जुन्या ब्रँचकडे आपणहून कोणी वळत नाही.