संभाजीनगर की औरंगाबाद, या वादात मलिक अंबर कुठे आहे?

देवगिरीकर
मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही नाव बदललं. कायद्यानं विषय मिटला, तरी माझी तक्रार आहेच. हे शहर औरंगजेबानं वसवलेलंच नाही. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं खडकी गावाच्या जागी ते उभारलं. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, त्याचं फतेहनगर केलं. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा औरंगाबाद झालं. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी जहांगीरच्या फौजांना पुरून उरला. १६२४ ला भातवडीत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. नाव बदलायचंच होतं, तर अंबरचं का नाही?

हर्सूलचा
अजिबात पटलं नाही. ज्यानं १६८९ मध्ये संभाजीराजांना हालहाल करून मारलं, त्याचं नाव आम्ही रोज पत्त्यात लिहायचं? आणि वसवणाऱ्याचंच नाव हवं, हा नियम कुठला? फतेहखानानं खडकीतल्या लोकांना विचारलं होतं का? जो आला त्यानं आपलं नाव दिलं. या वेळी निदान निवडून दिलेल्या सरकारनं दिलं.

बेगमपुरा
आम्हाला तरी कुणी विचारलं? १९८८ ला सभेत घोषणा झाली, १९९५ ला मंत्रिमंडळाचा निर्णय, २००१ ला तो मागे. जून २०२२ मध्ये सरकार पडता पडता शेवटच्या बैठकीत पुन्हा ठराव. जुलैत नव्या सरकारनं पुढे ‘छत्रपती’ लावून तोच पुन्हा मंजूर केला. माझ्या घरात औरंगाबाद म्हणताना बादशहा कुणाच्या मनात नसायचा. हिमरूचं कापड, नानखलियाचं जेवण, पाणचक्की, शाळेचा दाखला, सगळं त्या नावाशी जोडलेलं. आजी अजून तेच म्हणते. म्हणून तिला औरंगजेबाची भक्त ठरवणार का?

हर्सूलचा
आजींना कोण काय म्हणणार! बोलण्यातलं नाव त्यांचंच. सरकारी कागदावर कुणाचा मान राखायचा, वाद तेवढ्यापुरताच आहे.

विद्यापीठ_गेट
नावापायी एवढं कशाला भांडता, असं कुणी मराठवाड्यात तरी म्हणू नये. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ ला झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली. म्हणून मी संभाजीनगरच्या बाजूनं आहे. पण बेगमपुरा यांचा प्रश्नही खरा आहे: ज्यांचं गाव, त्यांना बोलवून ऐकून घेतलंच पाहिजे.

देवगिरीकर
अंबरकडे कुणी वळेचना! जमिनीखालून खापरी नळांनी शहरभर पाणी फिरवणारी नहर-ए-अंबरी त्याची, भडकल दरवाजा त्याचा. नहरीवर बांधकामं झाली, नळ फुटले. पाट्यांसाठी जेवढा जोर लावला, त्यातला थोडा नहर वाचवायला लावला असता, तर मी गप्प बसलो असतो.

हर्सूलचा
नहर वाचवायला माझी सही आत्ता घ्या. एखाद्या मोठ्या रस्त्याला अंबरचं नाव द्या, त्यालाही माझा पाठिंबा. शहराचं नाव मात्र संभाजीराजांचंच.

बेगमपुरा
सहीला मीही आहे. नावावर आपलं जमणार नाही.