मदत हवी आहे: वीजदराच्या याचिकेवर हरकत कशी मांडावी?

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६४ नुसार वीज कंपनीला दरनिश्चितीचा अर्ज (म्हणजेच याचिका) जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन राज्य वीज नियामक आयोगाने १२० दिवसांत आदेश काढायचा असतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेतर्फे मी प्रथमच अशी हरकत लिहीत आहे. कलम ६१ वाजवी खर्चवसुली आणि ग्राहकहित दोन्ही सांभाळायला सांगते. पण वीजगळती आणि मागील वर्षांची महसुली तूट (खर्चापेक्षा कमी पडलेली वसुली) यांचा किती भार नियमित बिल भरणाऱ्यांवर टाकणे योग्य, हे एवढ्या मोठ्या याचिकेतून कसे तपासावे? (माझ्या मते खरी मेख तुटीच्या आकड्यांतच असते.) महाराष्ट्र आयोगापुढील सुनावणीत ज्यांनी बाजू मांडली आहे, त्यांनी कृपया सांगावे, की मी कोणते तक्ते आधी वाचावेत आणि हरकतीला कोणते पुरावे जोडावेत.