शब्दचर्चा: ‘पिअर रिव्ह्यू’ला मराठीत काय म्हणावं?

शोधनिबंध छापण्यापूर्वी त्याच विषयातल्या इतरांकडून तपासून घेतात, त्या ‘पिअर रिव्ह्यू’साठी मला चार प्रतिशब्द सापडले: समवयस्क पुनरावलोकन, सहकर्मी समीक्षा, तज्ज्ञ-परीक्षण, समकक्ष परीक्षण. कोणता वापरू?

— ‘समवयस्क’ आधी काढून टाका. ‘पिअर’च्या मुळाशी लॅटिन ‘पार’ आहे, म्हणजे समान. वयाचा इथे काही संबंध नाही; निबंध तपासणारी व्यक्ती लेखकाहून तीस वर्षांनी लहानही असू शकते. ‘सहकर्मी’ तर उलटाच अर्थ देतो, कारण लेखकाच्या सोबत काम करणाऱ्याला हे काम सहसा देतच नाहीत. ‘पुनरावलोकन’ही नको. घडून गेलेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहणं म्हणजे पुनरावलोकन, आणि इथे निबंध अजून छापूनही आलेला नसतो. नियतकालिकाचे संपादक आधी स्वतः चाळतात, बसणारा नसेल तर तिथूनच परत करतात, नाहीतर त्या विषयातल्या दोघातिघांकडे पाठवतात. ती माणसं तो सगळ्या बाजूंनी तपासतात. ‘परि’ म्हणजे सभोवार, ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. म्हणून ‘परीक्षण’च चपखल.

— पण परीक्षण म्हटलं की गुण आणि पास-नापास आठवतं.

— ती अडचण खरी आहे. पण हा परीक्षक निकाल लावत नाही, शिफारस करतो, निकाल संपादकाचा. अहवालात साधारण असं असतं: ‘तक्ता 2 मध्ये रुग्ण 48, तक्ता 4 मध्ये 46. दोघे कुठे गेले?’ लेखक अशा एकेका मुद्द्याला लेखी उत्तर देतो, मसुदा सुधारतो आणि तो बहुतेक वेळा पुन्हा त्याच परीक्षकांकडे जातो.

— मग ‘तज्ज्ञ-परीक्षण’ का नको? वाचकाला लगेच कळतं.

— कळतं, पण ‘पिअर’मधली बरोबरी हरवते. तज्ज्ञ म्हटलं की वरच्या पायरीवरचा माणूस वाटतो. एक उदाहरण पाहा. 1936 साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाने आइनस्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध बाहेर तपासायला पाठवला. छापण्यापूर्वी तो दुसऱ्याला दाखवायची परवानगी आपण दिली नव्हती, असं रागाने कळवून त्यांनी निबंध मागे घेतला. गुरुत्वीय लहरी नसतातच, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि परीक्षकाने त्यातली चूक नेमकी पकडली होती. पुढे तो निबंध दुसरीकडे छापून आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. ते परीक्षक होते भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. कीर्तीत ते आइनस्टाइनच्या तोडीचे नव्हते, त्या गणितात होते. ‘समकक्ष’मधली कक्षा ही अशी त्या विषयापुरती असते, मानमरातबाची नाही. मला हा शब्द त्यासाठीच प्रिय आहे.

— आणि ‘डबल ब्लाइंड’? ‘दुहेरी अंध’ वाचवत नाही.

— मुळीच वापरू नका. कोणी आंधळं नसतं, नावं झाकलेली असतात. परीक्षकाचंच नाव गुप्त असेल तर ‘एकेरी अनाम’, लेखकाचंही असेल तर ‘दुहेरी अनाम’. बोलताना ‘पेपर रिव्ह्यूत अडकलाय’ असंच म्हणतात, त्याला हरकत नाही. लिहिताना मात्र: ‘हा निबंध दुहेरी अनाम समकक्ष परीक्षणानंतर स्वीकारला गेला.’