खवाटा म्हणजे नक्की कुठला भाग?

मंडळी, एक शब्द विचारायचाय. आमचे वडील निफाडकडचे, द्राक्षबागेत औषध मारायचा पंप वर्षानुवर्षं पाठीवर, हल्ली उजवा हात वर जाईना म्हणून नाशिकला आणलं. ते म्हणत होते "खवाट्यात कळ येते", मी डॉक्टरांना सांगितलं खांदा दुखतोय, मग सांध्याचा एक्स-रे काढला आणि त्यात काहीच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला, दोन्ही तळहातांनी भिंत ढकलायला सांगितली, तर उजवीकडचं हाड पाठीतून पंखासारखं वर आलं! म्हणाले स्कॅप्युला. हाच का खवाटा?

--

हो ताई, हाच. मी फिजिओथेरपी करते. पाठीवर साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर बसलेलं तिकोनी चपटं हाड. सुश्रुताच्या मर्मांमध्ये याला अंसफलक म्हटलंय, फलक म्हणजे फळी, नाव चपखल आहे पण पेशंटपुढे बोलून उपयोग नाही. या एका हाडाला 17 स्नायू चिकटतात. त्यातला सेरेटस अँटिरिअर बरगड्यांवरून निघून खवाट्याखालून जातो आणि मणक्याकडच्या कडेला चिकटतो, हाड पाठीला धरून ठेवणारा तोच. पट्ट्याच्या भाराने त्याची नस दुखावली की हाड असं उचलतं. आणि हात डोक्यावर नेताना 180 पैकी साधारण 60 अंश खवाटा फिरल्यामुळेच मिळतात, म्हणून बाबांचा हात अडतोय. नस बरेचदा सावरते पण महिने लागतात, पंप आधी बंद करा. खवाटा मोडणं मात्र दुर्मिळ, एकूण फ्रॅक्चरमध्ये 1 टक्काही नाही, जबर अपघातातच मोडतो, तेव्हा बरगड्या आणि फुप्फुसही बघावं लागतं.

--

आमच्याकडे फरा पण म्हणतात, पण तो जनावराचा. पुढचा फरा, मागचा फरा, म्हणजे ते एक हाड नाही, मांसासकट अख्खा भाग, फऱ्या रोगात सुजतो तो. माणसाला लावू नये असं माझं स्पष्ट मत. आणि बैलाचा खांदा कुठे असतो बघा, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तूप-हळद चोळतो ती जागा मानेवर, जिथे जू टेकतं. शेतकऱ्याला खांदा म्हणजे ओझं टेकायची जागा, मागचं हाड नाही.

--

दादा, आत्ता उलगडलं. वडील एकदाही खांदा म्हणाले नव्हते, तो शब्द मी घातला. उद्या फिजिओकडे जाताना खवाटाच सांगणार.