बांध, बांधी, धुरा: मासे नेमके धरले कुठे?

खर्डेघाशी
भंडाऱ्यातल्या साकोलीकडच्या एका आजोबांच्या आठवणी एका अंकासाठी प्रमाण मराठीत उतरवून देतेय. ध्वनिमुद्रणातलं एक वाक्य: "बांध भरला का आमी पारीवर जाऊन बसाचो. बांध्यात पानी सुटलं का मंग धुऱ्याधुऱ्यानं घरी." संपादक साताऱ्याचे. त्यांचा शेरा आला: "बांध भरतो कसा? बांधावर बसतात. आणि बांधचं अनेकवचन बांधच, बांध्या नव्हे." पुढच्या परिच्छेदात आजोबा बांधात उतरून मासे धरतात, तिथे नुसतीच तीन प्रश्नचिन्हं.
बांध, बांधी, धुरा यांच्या जागी तलाव, खाचर, बांध असे शब्द घालू, की आजोबांचे ठेवून तळटीप देऊ?

धानपट्टा
बदलू नका जी. आजोबा एकदम बरोबर बोलले. आमच्याकडे बांध म्हणजे आख्खा तलाव. बांधी म्हणजे धानाचा एक तुकडा, चहूबाजूंनी मातीची आड घातलेला, त्याच्या अनेक बांध्या. आणि दोन शेतांच्या मधली हद्द तो धुरा. तुमच्या संपादकांकडे भाऊबंद बांधावरून कोर्टात जातात, आमच्याकडे धुऱ्यावरून. भांडण तेच.
नवेगाव बांध नकाशात काढून दाखवा त्यांना. एवढं मोठं पाणी आहे, त्यावर बसून बघा म्हणावं.

कृष्णाकाठ
संपादकांची बाजू कोणीतरी मांडायला हवी. बांध हा 'बांधणे'पासून आलेला शब्द. जे बांधलं ते बांध, म्हणजे मातीची भिंत. तिच्यामुळे अडलेलं पाणी म्हणजे बांध नव्हे. एका भागात अर्थ सरकला म्हणून प्रमाण भाषेत तो तसाच आणायचा का? तलाव हा सोपा शब्द असताना वाचकाला का अडखळवायचं?

धानपट्टा
मग 'धरण भरलं' कसं म्हणता? धरण म्हणजे पण भिंतच. कोयना भरली की तुमच्याकडे पहिल्या पानावर 'धरण शंभर टक्के भरले' असं छापतात, तेव्हा कोणी प्रश्नचिन्ह टाकत नाही. धरण सरकलेलं चालते, बांध नाही चालत?

कृष्णाकाठ
धरण रूढ आहे.

धानपट्टा
बांध पण रूढ आहे. कोणाकडे, एवढाच प्रश्न.

खारपाण्याचा
दर्यापुराकडून रामराम. आमच्या वऱ्हाडात धुरा हाय, पण हे बांध-बांधी नाई. तयं म्हणतो आमी, अन् तेही पावसाळ्यातच दिसते. विहिरीचं पानी खारं, मंग पान्यासाठी एवढे शब्द कुठून येतीन? बाकी धुरा शब्दावर आमचा हक्क जास्त हाय. तुमच्या बांधीची आड म्हणजे धुरा नाई. धुरा म्हणजे दोन मालकांच्या मधला. तेच्यावर बाभूळ पायजे, सांडव्याचे दगड पायजेत, अन् कोनीतरी दरसाली तासभर तो कोरला पायजे.

आरमोरीची लेक
कोरणारे आमच्याकडे पण आहेत भाऊ, काळजी नको.
'पार' या शब्दाकडे मात्र कोणी पाहिलंच नाही. आजोबा पारीवर बसले म्हटल्यावर संपादकांना पिंपळाचा पार दिसला असणार. मला वाटतं हा 'पार' म्हणजे 'पाळ', तळ्याची मातीची भिंत आहे. आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीत ळ नाही, तिथे र येतो. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा, तळ्याचा तरा. तशी तळ्याची पाळ ती तऱ्याची पार. खारपाण्याच्या भाऊंकडे त्याच ळ चा य होतो, म्हणून त्यांचं तयं. एकाच तळ्याचे तीन उच्चार झाले हे!

कृष्णाकाठ
हे पटण्यासारखं आहे. पण मग 'तलाव' चं 'तराव' का झालं नाही?

आरमोरीची लेक
कारण त्यात ळ नाहीच, ल आहे. 'ल'ला कोणी हात लावत नाही.

कृष्णाकाठ
आणि झाडाभोवतीचा पार? तोही पाळच का? दोन्हीकडे माती-दगडाची उंच बैठक आहे. मूळ एक असू शकेल.

आरमोरीची लेक
असू शकेल. पण साताऱ्याचा पार साताऱ्यात ळ चा र करून झाला नसेल ना? तुमच्याकडे ळ शाबूत आहे.

पेठेतला वाचक
मध्येच विचारतो. बातम्यांत 'मामा तलावांचे खोलीकरण' असं वाचतो. हे मामा कोण? एकाच मामाचे इतके तलाव?

धानपट्टा
याची गोष्ट आमची आजी सांगे. मामा-भाच्यानं एका डोंग्यात बसू नये, तरी बसले, आणि बुडाले. म्हणून मामा तलाव. आमच्या गावच्या तलावाच्या पारीवर शेंदूर लावलेले दोन दगड आहेत, ते त्यांचेच म्हणतात.

बस्ता गुंडाळलेला पटवारी
दगड असतील, शेंदूरही असेल. पण मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. दप्तरात लांबलचक लिहायचा कंटाळा, म्हणून मा. मा., त्यातले टिंब गळाले आणि मामा झाले. साधी कसोटी सांगतो काकाजी म्हणून. मालगुजारी, म्हणजे मालगुजारानं गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायची पद्धत, गेली 31 मार्च 1951 ला. त्याआधी 'माजी' म्हणायला कारणच नव्हतं. म्हणजे मामा तलाव हे नाव त्याआधीचं असूच शकत नाही. आजीची गोष्ट जुनी असेल, पण ती नावाला नंतर चिकटली.
तलाव मात्र त्याहून कितीतरी जुने. चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळी जंगल तोडून गाव वसवेल आणि तलाव बांधेल त्याला जमिनीचा हक्क मिळे अशी परंपरा सांगतात. बांधण्यात कोहळी लोकांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं बांधला असं सांगतात. तो पुढे कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं तिथल्याच टेकडीवर आहे. भोवतालच्या टेकड्या त्या सात बहिणी.

खारपाण्याचा
आमच्याकडं मालगुजार नवते. हे समदं नागपूर राज्याकडलं. वऱ्हाड निजामाचं, 1853 मंदी इंग्रजाकडं आलं, अन् तिथं रयतवारी लागली. 1903 मंदी दोन्हीची मोट बांधली, पन हिशेब येगळाच राह्यला. म्हनून म्हन्तो, समद्या विदर्भाची एकच बोली अन् एकच वाडा, हे लिहिनाऱ्यायनं थांबवलं पायजे. आमचा देशमुख येगळा, यायचा मालगुजार येगळा.

पेठेतला वाचक
मालगुजार म्हणजे आमचा खोतच की.

बस्ता गुंडाळलेला पटवारी
नाही. दोघं सारा भरत हे खरं, पण घडण निराळी. इथे इंग्रजांनी 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजाराला गावाचा मालकच करून टाकलं. तलाव त्याचा, झाडं त्याची, गावठाणही त्याचं. तो गेला तेव्हा तलाव सरकारजमा झाले आणि तिथून घोटाळा सुरू झाला. आधी पावसाळ्यापूर्वी गावच्या माणसांना कामाला लावून पार दुरुस्त करून घ्यायची जबाबदारी त्याची होती. नंतर पार कोणी पाहायची?
गावाचा पाण्यावरचा, चराईवरचा, सरपणावरचा हक्क 'निस्तार पत्रकात' लिहिलेला असतो, वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' मध्ये. 1966 च्या महसूल संहितेत दोन्ही आहेत, कलम 161 आणि 165. निस्तार हा शब्द कृष्णाकाठच्या मंडळींनी ऐकला आहे का?

कृष्णाकाठ
'निस्तरणे' माहीत आहे. पोरानं घातलेला गोंधळ आईनं निस्तरला.

बस्ता गुंडाळलेला पटवारी
आमच्याकडे निस्तार म्हणजे रोजची गरज भागणं. "गावाच्या निस्ताराला तलाव ठेवला" म्हणजे ढोरं पाजायला, कपडे धुवायला, आंघोळीला. धानाला पाणी देणं त्यात धरत नाहीत, ती सिंचनाची बाब. या फरकावरून मी गावागावांत मारामाऱ्या पाहिल्या आहेत. तुमचं निस्तरणं यातूनच आलं असणार. गरज भागवता भागवता गोंधळ आवरण्यावर आलं.

कृष्णाकाठ
किंवा उलट. निस्तार म्हणजे पार पडणं, तरून जाणं. 'तरणे' त्यातच दिसतंय. तुमचा अर्थ नंतरचा, कचेरीतला, हिंदीच्या वाटेनं आलेला.

धानपट्टा
आलंच! आमचं काही वेगळं दिसलं की ते हिंदीतून आलं. नहर म्हटलं की हिंदी, निस्तार म्हटलं की हिंदी. रोवण्याला पण हिंदी म्हणा. तुम्ही भाताची 'लावणी' करता, आमच्याकडे धानाचा रोवणा असतो, पऱ्हे, म्हणजे रोपं, खोदून चिखलात रोवतात. नाचायची लावणी वेगळी ठेवली आम्ही, एवढं तरी माना.

कृष्णाकाठ
हिंदी म्हणजे शिवी नव्हे. मध्य प्रांतात शंभर वर्षं काढली तर कागद हिंदी-उर्दूचेच असणार. 'वाजिब-उल-अर्ज' काय मराठी आहे?

आरमोरीची लेक
तुमचं 'सातबारा उतारा' मराठी, पण 'फेरफार', 'दस्त', 'तहसील', 'जमीन'? सोडा. पाणी सोडायच्या रचनेला आमच्याकडे 'तुडूम' म्हणतात. एकावर एक भोकं, त्यांना लाकडी बुचं. पाणी उतरत जाईल तसं खालचं बुच काढायचं. लहानपणी वरचं बुच काढणाऱ्याला आम्ही शूर समजायचो. हा शब्द संस्कृतातून काढून दाखवा कोणी.

खारपाण्याचा
पान्यात दगड टाकल्यावर आवाज येते ना, तुडुम्म. तेच.

आरमोरीची लेक
हे मात्र मी लिहून ठेवतेय.

पेठेतला वाचक
तेलुगूत काही सापडतं का? गडचिरोलीला तेलंगण लागूनच आहे.

धानपट्टा
गोंडीत पाहा आधी. गोंड राजे, गोंड गावं, आणि शब्द शोधायला आपण थेट शेजारच्या राज्यात.

खर्डेघाशी
सगळं वाचतेय, मजा येतेय. पण अंक छपाईला जायचाय. बांध ठेवू का तलाव करू? संपादक म्हणतात तळटीप एकच देता येईल, जागा नाही.

कृष्णाकाठ
एकच असेल तर 'बांधी'ला द्या. बांध संदर्भानं कळतो, हे मी आता मान्य करतो. निस्ताराचं अजून नाही.

धानपट्टा
'पारी'ला द्या. नाहीतर आजोबा पिंपळाखाली बसलेलेच राहतील.

खारपाण्याचा
धुऱ्याले द्या. अन् त्यात लिवा का बांधीची आड म्हणजे धुरा नवे.

धानपट्टा
आमच्याकडे आहे. बांधीच्या आडीला पण धुराच म्हणतात. आजोबा कुठून घरी गेले मग, आकाशातून?

बस्ता गुंडाळलेला पटवारी
नकाशात धुरा वेगळा, बांधीची आड वेगळी. आड मोजणीत धरत नाहीत. मी चेन ओढली आहे तिथे.

खारपाण्याचा
घ्या. पटवारीसाहेबच आमच्याकडून.

बस्ता गुंडाळलेला पटवारी
मी नकाशाचं सांगितलं, बोलण्याचं नाही. बोलण्यात लोक आडीलाही धुरा म्हणतात. बरं, जादा पाणी निघून जायला पारीच्या टोकाला जागा सोडलेली असते, तिला तुमच्या आजोबांनी काय म्हटलंय? सलंग की सलांग? दप्तरात मी दोन्ही पाहिलंय.

आरमोरीची लेक
सलंग. सलांग कोणीच म्हणत नाही.

धानपट्टा
आमच्याकडे सगळे सलांगच म्हणतात.