माजी विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांच्या कामापर्यंत पोचायचं कसं?

प्रूफवाली_गिरगाव

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, पण सल्ला खरोखर हवा आहे.

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाने यंदा एक काम काढलंय. कॉलेजातून बाहेर पडून ज्यांनी आपापल्या क्षेत्रात नाव केलं त्यांच्याशी तासभर बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं, उतरवून काढायचं आणि पुस्तक छापायचं. मी १९९३ची बी.एस्सी. गेली २२ वर्षं छापखान्यात प्रूफं तपासते, म्हणून उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं आणि दोन बैठकांनंतर प्रश्न विचारायचंही.

सात मुलाखती झाल्या. गेल्या रविवारी सातही गठ्ठे जमिनीवर पसरून वाचायला बसले आणि अगदी खचले. हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत, कापडाचे रंग तयार करणाऱ्या बाई आहेत, बँकेत वरपर्यंत गेलेले गृहस्थ आहेत, पाणीखात्यात जन्म काढलेले अभियंते आहेत. नावं झाकली तर कोण कोणता ते मला स्वतःला सांगता येईना. 'आईवडिलांचे संस्कार', 'सरांचा आशीर्वाद', 'कॉलेजने घडवलं'. 'चिकाटी' हा शब्द ३१ वेळा आलाय, मी मोजला. माणसं खोटं बोलत नाहीयेत. त्यांची कृतज्ञता खरी आहे, बोलताना दोघांचे डोळे भरून आले होते. पण डॉक्टरांनी पहिल्यांदा उघड्या छातीत हात घातला तेव्हा त्या हातांनी काय केलं, हे माझ्या कागदांवर कुठेच नाही.

आता खरी गोष्ट सांगते. अभियंता काकांची मुलाखत प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. आधी शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, मग एक तास दहा मिनिटं बोलणं. मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, तानसाचं धरण १८९२ सालचं, असं सगळं सांगितलं त्यांनी, चोख. रेकॉर्डर बंद करून मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. पाऊस भुरभुरत होता. फुटपाथवर पाण्याच्या व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण आहे, त्यावरून रोज चालत होते मी कॉलेजच्या काळात. मी सहज म्हटलं, "काका, जमिनीखाली पाइप फुटलाय हे वरून कळतं कसं?"

काका थांबले. हातातली लांब काळी छत्री मिटलेलीच ठेवली, तिचं लोखंडी टोक त्या झाकणावर टेकवलं, कमरेत वाकले आणि छत्रीची मूठ कानाला लावली. डोळे मिटले. पाठीवर पाऊस पडतोय आणि ७५ वर्षांचा माणूस छत्री न उघडता तसाच उभा. मग म्हणाले, "आता या लाइनीला पाणी नाहीये. असतं तर तुला ऐकवलं असतं."

पुढची वीस मिनिटं ते बोलले ते मी आजवर ऐकलेलं सगळ्यात सुंदर बोलणं होतं. त्यातला एकही शब्द रेकॉर्ड झालेला नाही.

मला हे इतकं लागून राहिलंय त्याला कारण आहे. मी गिरगावात ज्या चाळीत वाढले तिथे तिसऱ्या मजल्यावरचे एक काका 'पाण्यात आहेत' म्हणत. रात्री दोनला सायकल काढून जायचे. कुठे जातात, काय करतात, कुणी विचारलं नाही. मीही नाही. ते गेले, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही.

तर प्रश्न असे: केबिनमध्ये हे बोलणं का निघत नाही? आणि रेकॉर्डर बंद असताना ऐकलेलं पुस्तकात घेतलं तर चालतं का?

रेडिओचा_माणूस

ताई, तीस वर्षं माणसांना माइकसमोर बसवलं आहे, त्यावरून सांगतो.

शाल आधी दिलीत तिथेच मुलाखत संपली. खांद्यावर शाल पडली की माणूस सत्काराला उत्तर द्यायला लागतो. त्याच्या अंगवळणीच पडलेलं असतं ते. शाल शेवटी द्या, किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाऊन द्या.

दुसरं, प्राचार्यांच्या केबिनमध्ये प्रत्येक जण पुन्हा विद्यार्थी होतो. समोर तेच टेबल, भिंतीवर तेच फोटो. तिथे तो सरांचे आभार मानणार नाही तर काय करणार? त्यांच्या घरी जा, जमलं तर कामाच्या जागी.

पहिली वीस मिनिटं संस्कार आणि आशीर्वाद येणारच. अडवू नका. ते मनापासून ऐका, कारण ते मनापासूनच येतं. ते सगळं बोलून झालं की माणूस मोकळा होतो. 'कसं वाटलं?' हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर 'छान वाटलं' एवढंच येतं. 'मग काय केलंत?' विचारा. आणि उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा अंक मोजा. सात-आठवर माणूस पुन्हा बोलायला लागतो आणि तेव्हा जे येतं ते ठरवून आलेलं नसतं.

शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांची गोष्ट आठवते का? गिरगावातल्या युनियन हायस्कूलमधले भावे सर मुलांना उन्हात घेऊन गेले आणि भिंगाने कागद जाळून दाखवला. माशेलकरांनी ती कितीतरी ठिकाणी सांगितली आहे. एकाग्रतेवर भाषणं आपण सगळ्यांनी ऐकली, एकही लक्षात नाही. हे लक्षात राहतं, कारण कागद जळताना दिसतो. तुमच्या काकांची छत्री तशीच आहे.

रेकॉर्डर बंद असताना ऐकलेलं परस्पर छापू नका. आठवतंय तोवर लिहून काढा, त्यांना वाचून दाखवा, ते हो म्हणाले तर घ्या. बहुतेक वेळा हो म्हणतात, वर दोन गोष्टी जास्त सांगतात.

टीवायची_मुलगी

आमच्या कॉलेजात हेच काम माझ्याकडे आलंय आणि मला प्रश्नांची छापील यादी दिलीय. पहिला प्रश्न, 'आपल्या यशाचं रहस्य काय?' यादी बाजूला ठेवली तर मॅडम रागावतील का, याचीच भीती वाटते.

परळची_जुनी

मुली, यादी हातात ठेव, पण पहिला प्रश्न तुझा विचार. मॅडमना उत्तर आवडलं की त्या प्रश्न विसरतील.

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी अशी मुलाखत दोन वर्षांपूर्वी झाली. कुठल्या कॉलेजने घेतली ते सांगत नाही. मी परळला सर्पदंशावरच्या औषधाच्या कामात २६ वर्षं होते. मला विचारलं काय? 'स्त्री म्हणून अडचणी आल्या का', 'घर आणि नोकरी कशी सांभाळलीत', 'मुलांना वेळ देता आला का'. तासभर हेच. घरी आले आणि मिस्टरांना म्हटलं, माझ्याशी कुणी बोललंच नाही.

मला सांगायचं होतं की नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं वाढवत घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि त्या रक्तातून औषध निघतं. मला सांगायचं होतं की ते द्रवरूपात ठेवलं तर सतत थंड ठेवावं लागतं, आणि साप चावतो तो भातखाचरात, फ्रिजजवळ नाही. म्हणून ते गोठवून, पाणी उडवून त्याची भुकटी करतात. दवाखान्यात वेळेवर त्यात पाणी घालायचं, आणि तिथेच सगळी गंमत आहे. समोर रुग्ण तडफडत असतो, नातेवाईक रडत असतात, नर्सचा हात आपोआप बाटली खळखळून हलवायला जातो. हलवायची नाही! फेस होतो. बाटली दोन्ही तळव्यांत धरून वात वळल्यासारखी हळू फिरवायची, शेवटचा कण विरघळेपर्यंत. खेड्यांतल्या नर्सना हे शिकवायला मी जात असे, तेव्हा रिकाम्या बाटल्या हातात देऊन पाच-पाच मिनिटं नुसती फिरवायला लावायची. घाईच्या वेळी हात संथ ठेवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कठीण काम होतं.

हे कुणीतरी विचारायला हवं होतं. विचारायला फार काही लागत नाही. 'तुम्ही हाताने काय करायचात?' एवढं पुरे. शास्त्रज्ञ असो की बँकवाला, प्रत्येकाचे हात काहीतरी करत असतात.

हळद_आणि_पुरावा

वरच्या सगळ्यांशी सहमत आहे, पण एक भीती वाटते. छत्री, बाटली हे वाचायला छान वाटतं, आणि मग मुलाखत घेणारा तिथेच थांबतो. या माणसांनी आयुष्यभर विचारही केला आहे. तोही विचारा ना.

माशेलकरांचं नाव निघालंच आहे तर हळदीचं बघा. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक असताना संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपण 'आपली हळद परत आणली' म्हणून टाळ्या वाजवतो. पण ती लढाई जिंकली कशी? घराघरातली आजी जखमेवर हळद लावते हे पेटंट कार्यालयापुढे चालत नाही, छापील पुरावा लागतो. ३२ संदर्भ गोळा करून दिले, त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला एक निबंधही. तिथून पुढचा विचार निघाला, की आपलं पारंपरिक ज्ञान जगभरच्या पेटंट तपासनिसांना शोधता येईल अशा भाषांत नोंदवून ठेवायला हवं. २००१ साली ते काम सुरू झालं. तपशील धरून गेलं की माणूस विचारापर्यंत पोचतो. 'आपले विचार सांगा' म्हटलं की फक्त सुविचार मिळतात.

मी असं विचारीन: 'तुमच्या कामातली कोणती गोष्ट तुम्ही आधी ठामपणे मानत होतात आणि नंतर सोडून दिलीत?' अभियंता काकांना नक्की विचारा. मुंबईच्या पाण्याबद्दल मतभेद भरपूर आहेत. चोवीस तास पाण्याचा प्रयोग वांद्रे आणि मुलुंडला हाती घेतला होता, अनधिकृत वस्त्यांनाही पाणी द्या असा उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४चा निकाल आहे. या माणसाने ते सगळं आतून पाहिलंय.

प्रूफवाली_गिरगाव

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. काय काय झालं ते सांगते.

काकांच्या घरी गेले, मुलुंडला. शाल नाही, रोप नाही, वाटेत घेतलेली केळी तेवढी. रेडिओवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पहिली वीस मिनिटं नुसती ऐकली. मग परळच्या ताईंचा प्रश्न विचारला. काका उठले. गळती ऐकायची सळई घरी आहे का, मी विचारलं, तर म्हणाले, "ती खात्याची. निवृत्तीच्या दिवशी जमा केली." मग खिडकीच्या पडद्याची दांडी काढून आणली, स्वयंपाकघरातल्या उभ्या पाइपला तिचं एक टोक लावलं आणि दुसरं माझ्या कानाला. काही नाही. मग एकदम कानात सूं आलं, इतकं जवळ की मी दचकले. "वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावरच्या वहिनी. या वेळी भांडी घासतात."

गळती ऐकायला रात्री का जायचं तेही कळलं. रस्ता शांत हवा, आणि पाइपात पाणीही हवं. मुंबईत पाणी भागाभागाने, ठरलेल्या वेळी सोडतात. चावीवाला व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाच त्या भागात दाब येतो आणि तेव्हाच फुटलेली जागा बोलते. नवीन असताना काकांनी एकदा एका गल्लीत तीन ठिकाणी खणायला लावलं, तिन्ही कोरडी. तिथल्या जुन्या चावीवाल्याने सळई हातात घेतली, पंधरा पावलं मागे गेला आणि म्हणाला, "साहेब, इथे." काका म्हणाले की त्यांची खरी पदवी त्या रात्री झाली. चाळीतले आमचे काका चावीवालेच असणार. दोनची वेळ जुळते.

मग हळदवाल्यांचा प्रश्न. काका बराच वेळ गप्प. मी मोजत होते, दहाच्या पुढे गेले. मग म्हणाले, चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी असं ते वीस वर्षं मानत होते, बैठकांत भांडायचे त्यासाठी. मत बदललं ते एका चाळीत काविळीची साथ आली तेव्हा. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो, आणि शेजारून गटार जात असेल तर ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून घाण आत ओढली जाते. "मी गळती म्हणजे वाया गेलेलं पाणी समजत होतो. आत काय येतं याचा विचारच केला नव्हता." आता त्यांना वाटतं की पाण्याचा वेळ मोजण्यापेक्षा दाब कधीच तुटू न देणं महत्त्वाचं. वस्त्यांबद्दलही बोलले, सविस्तर. ते पुस्तकात येईल.

गेटवरचं बोलणं मी आठवून लिहिलं होतं, तेही वाचून दाखवलं. सगळ्याला हो म्हणाले, फक्त एक दुरुस्ती. मी लिहिलं होतं, 'सळईतून गळणाऱ्या पाण्याचा आवाज येतो.' त्यांनी माझं पेन घेतलं, 'गळणाऱ्या पाण्याचा' खोडलं आणि वर लिहिलं, 'भोकाचा'. पाणी सगळीकडे सारखंच असतं म्हणाले, भोक बारीक असेल तर शिट्टी, मोठं असेल तर घरघर. मी तसंच ठेवलंय.

परळच्या ताई, तुम्ही आमच्या कॉलेजच्या नसलात तरी मला तुमच्याकडे यायचं आहे. एक रिकामी बाटली असेल तर काढून ठेवाल का?